सांगली ते महाबळेश्वर, विजेच्या गाडीने: घाट, बिल आणि सॉकेट

गाडी मेहुण्याची, ४५ युनिट बॅटरीची नेक्सॉन. आपण घ्यायची की नाही हे ठरवण्याआधी ती घाटात काय करते आणि खिशाला कितीला पडते हे बघायचं होतं, म्हणून दोन दिवसांसाठी मागून घेतली. कंपनीचा प्रमाणपत्रावरचा आकडा एका चार्जला ४८९ किलोमीटरचा आहे. तो विसरून जा. चार माणसं, सामान आणि एसी धरून ३०० च्या आसपास पकडून चला, म्हणजे रस्त्यात घाम फुटत नाही.

आष्टा, इस्लामपूर करत पेठ नाक्याला हायवेला लागलो. कागलपासून शेंद्र्यापर्यंत सहापदरीकरणाचं काम चालू असल्याने वळणरस्ते भरपूर, त्यामुळे वेग ८०-८५ च्या पुढे गेलाच नाही. बॅटरीच्या दृष्टीने ते बरंच झालं. एका युनिटला साडेसहा किलोमीटर पडत होते. जिथे मोकळा रस्ता मिळाला आणि काटा शंभरच्या वर गेला, तिथे हाच आकडा साडेपाचवर आला. मी एसी बंद करायला हात पुढे केला तर मेहुणा म्हणाला, "दाजी, एसी राहू द्या, पाय जरा उचला." त्याचं बरोबर होतं. एसी तासाला युनिट-दीड युनिट खातो, खरी वीज वेग खातो. तासवड्याचा टोल भरावा लागला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला, त्यावरून इथेही सुटेल असं काहींना वाटतं. इथे फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

साताऱ्यात पोचलो तेव्हा ५५ टक्के उरले होते. एवढ्यावर महाबळेश्वर आरामात गाठता येतं, पण वर चार्जिंगचा भरवसा नव्हता, म्हणून साताऱ्यातच चार्जर शोधला. पहिल्या ठिकाणी ॲपवर 'उपलब्ध' दिसत होतं, प्रत्यक्षात मशीन बंद. दुसऱ्या ठिकाणी चार्जिंगची गन एकच आणि तिच्यासमोर कुणीतरी डिझेल गाडी लावून जेवायला गेलेला. तो हात पुसत येईपर्यंत थांबलो. मग अर्ध्या तासात ८० टक्के झाले, तेवढ्यात कंदी पेढे घेऊन झाले. ८० च्या पुढे वेग एकदम मंदावतो, तिथे बसून राहण्यात अर्थ नाही. निघण्याआधी दोन-तीन कंपन्यांची ॲप घरीच टाकून ठेवा आणि वॉलेटमध्ये थोडे पैसे भरा. ओटीपीची वाट बघत उन्हात उभं राहणं फार वाईट. शिवाय चार्जरच्या जागेवर आधी फोन करून "आज चालू आहे का?" एवढं विचारा. ॲपपेक्षा तिथल्या पोराचं उत्तर खरं असतं.

आता घाट. आम्ही मेढा-केळघर मार्गाने गेलो. सातारा ते महाबळेश्वर चढ साधारण सहाशे मीटरचा. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला लागणारी जादा वीज पावणेतीन युनिट, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही निघतं. ४५ मधले पावणेतीन! ५७ किलोमीटरला एकूण २६ टक्के गेले आणि ५४ टक्के घेऊन वर पोचलो. चढाला गाडी कुठेही दमत नाही, गिअर बदलण्याची कटकट नाही. याबाबतीत माझ्या पेट्रोल गाडीची मला थोडी कीवच आली.

हॉटेलात मात्र गंमत. बुकिंगच्या वेळी "चार्जिंग होईल" असं सांगितलं होतं. गेल्यावर मॅनेजर म्हणाला, "सॉकेट हाय की, पण गिझरचा हाय." १५ अँपिअरचा असल्याने चालला असता, पण अर्थिंग नीट नव्हतं आणि गाडीसोबतचा चार्जर अशा ठिकाणी लाल दिवा लावून सरळ नकार देतो. शेवटी स्वयंपाकघरामागच्या सॉकेटवर जमलं, तीनशे रुपये ठरवून. तेव्हा बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: १५ अँपिअर आहे का, अर्थिंग आहे का, आणि सॉकेटपासून गाडी किती लांब लागेल. साधी घरगुती एक्स्टेन्शन वायर वापरू नका, तासन्‌तास लोड घेऊन ती तापते.

वर १०० टक्के भरू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावर ब्रेकमधून परत येणारी वीज घ्यायला तिच्यात जागाच नसते. आम्ही ८५ वर थांबवलं. उतरून साताऱ्यात ६९, आणि सांगलीत २८ टक्के, मध्ये कुठेही न थांबता.

हिशेब असा. साताऱ्याचं चार्जिंग जीएसटीसह तीनशेच्या आसपास, हॉटेलचे तीनशे, आणि घरी येऊन पुन्हा भरायला सव्वाचारशे-साडेचारशे. एकूण हजाराच्या थोडं वर. हेच ३६५ किलोमीटर पेट्रोलवर सत्तावीसशेला पडले असते.

पण एका सहलीवरून गाडी घेऊ नये. घरच्या विजेवर किलोमीटरला दोन रुपये, फास्ट चार्जरवर चार, पेट्रोलवर सात असा माझा अंदाज. आम्ही बघितलेल्या दोन गाड्यांत ऑन-रोड फरक साडेतीन लाखांचा. विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के आणि राज्यात मोटार वाहन कर माफ, तरीही एवढा. कारण सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटीही १८ टक्क्यांवर आला. किलोमीटरला पाच रुपये वाचले तर हा फरक ७० हजार किलोमीटरला फिटतो. रोज सांगली-कोल्हापूर करणाऱ्याचा तो तीन वर्षांत फिटेल. माझ्यासारख्या वर्षाला दहा हजारवाल्याला सात वर्षं. बॅटरीची वॉरंटी साधारण आठ वर्षांची असते, म्हणजे काठावर पास. कर्जाच्या व्याजावरची ८०-ईईबीची आयकर सवलत मिळेल असं शोरूमवाला सांगेल, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

आणि हे सगळं घरी चार्जिंग होत असेल तरच. घरच्याच मीटरवर घेतलं तर युनिट वाढून वरच्या स्लॅबचा दर बसतो, म्हणून महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळ्या जोडणीची चौकशी करा. सांगलीकरांनी अजून एक बघावं: पार्किंगमध्ये २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९, २०२१ दोन्ही वेळा पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. चार्जरचा बोर्ड त्या खुणेच्या वर बसवायचा, आणि इशाऱ्याचे ४० फूट झाले की गाडी चार्ज करून उंचावर नेऊन लावायची. आमच्या सोसायटीत बोर्ड कुठे बसवायचा यावर अजून एकमत झालेलं नाही. ते लेखी मिळालं की बुकिंगचे पैसे भरणार आहे.