आमची वाटचाल : शाफ्टवाल्यांचं गॅरेज

आमच्याकडे पहिली शाफ्टची टूरर, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणारी लांब प्रवासाची मोटरसायकल, आली ती मागचा टायर बदलायला. तोवर आम्ही दोघं भागीदार चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट आणि कार्बोरेटर यांतच खूश होतो. मालक हेल्मेट काढता काढता म्हणाले, "हिचं एक बरं आहे, चेनची कटकट नाही. शाफ्टकडे बघावंच लागत नाही." आम्हीही माना डोलावल्या. चाक काढलं, टायर बदलला, चाक चढवलं, गाडी दिली.

चाक काढलं तेव्हा हबमागच्या स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टची ताकद चाकाला देणाऱ्या, एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांवर, तांबूस भुकटी दिसली होती. ती मी फडक्याने पुसून टाकली. तिथे ग्रीस लावायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

पुढच्या टायरपर्यंत ती गाडी पोचलीच नाही. भर प्रवासात बंद पडली. बंद म्हणजे इंजिन चालू, गिअर पडतोय, क्लच सोडला की आतून खरखर, आणि गाडी जागची हलत नाही. टेम्पोत घालून आणली. खोलून पाहिलं तर स्प्लाइनच्या दात्यांच्या जागी नुसती गुळगुळीत कडी उरलेली. पार्ट आम्ही पदरमोड करून बसवून दिला आणि भागीदारीतलं पहिलं मोठं भांडण त्यावरूनच झालं. त्याचं म्हणणं, असल्या गाड्या घ्यायच्याच नाहीत. माझं म्हणणं, आपल्याला येत नाही म्हणून हे झालं, तर शिकू या. वर्षभराने तो वेगळा झाला. गोडीगुलाबीने झाला, हेही सांगायला हवं. अजूनही कार्बोरेटरचं काम आलं की मी त्याच्याकडेच पाठवतो.

ती लाल भुकटी म्हणजे काय, हे समजायला मला बरेच दिवस लागले. स्प्लाइनचे दाते एकमेकांत घट्ट बसलेले दिसतात, पण चालत्या गाडीत ते केसाच्या अंशाएवढे मागेपुढे घासत असतात. मध्ये ग्रीस नसलं की त्या घासण्यातून लोखंडाची बारीक पूड निघते, ती गंजते, आणि हा गंज मूळ पोलादापेक्षाही कडक असतो. म्हणजे आपणच दात्यांमध्ये एमरी पावडर भरून ठेवल्यासारखं होतं. चेन बिघडायला लागली की आवाज करते, सैल पडते, डोळ्यांना दिसते. शाफ्ट मात्र शेवटच्या दिवसापर्यंत गप्प असतो.

मग ग्रीसचा शोध सुरू झाला. सुरुवातीला चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस चोपडायचो. ते फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलं जातं, आणि जे उरतं ते सुकून खपली धरतं. इथे लागते मॉलिब्डेनमची पेस्ट. होंडाच्या सर्व्हिसवाल्यांत 'मॉली ६०' हे नाव चालायचं, त्यातला ६० म्हणजे टक्के. दिसायला पेन्सिलीच्या शिशासारखी काळी, आणि बोटाला लागली की दोन दिवस जात नाही. जाड थर द्यायचा नाही. जुनं सगळं ब्रशने धुऊन काढायचं, दाते कोरडे करायचे आणि नव्या पेस्टचा पातळ हात फिरवायचा.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. ज्या गाड्यांत शाफ्टच्या दोन्ही टोकांना यू-जॉइंट, म्हणजे कोनात वाकूनही फिरणारे सांधे, असतात (आम्ही नुसतं क्रॉस म्हणतो), त्यातली एक आम्ही ग्रीसिंगसाठी उघडली. सरकणाऱ्या जोडातून शाफ्टचे दोन भाग सुटले. परत बसवताना कुठल्या दात्यात कुठला होता याची खूण कुणी केली होती? गाडी बाहेर गेली आणि तासाभरात परत आली, "फूटपेगला मुंग्या येतायत." क्रॉस कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा भाग एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. दुसरा क्रॉस ही चढउतार भरून काढतो, पण दोन्ही क्रॉसना धरणारे शाफ्टचे काटे एका रेषेत असतील तरच. आमचे नव्हते. आता उघडण्याआधी पांढऱ्या पेंटची रेघ ओढायची, मग पाना हातात घ्यायचा. काही शाफ्टमध्ये दोन नळ्यांच्या मध्ये रबर असतं. तिथेही आरपार रेघ मारून ठेवतो. पुढच्या वेळी ती रेघ तुटलेली दिसली, तर रबराने आपली जागा सोडली.

गिऱ्हाईक विचारतं, शंभर वर्षं जुनी पद्धत आहे ना ही? आहेच की. बीएमडब्ल्यूने १९२३ च्या आर ३२ पासून शाफ्ट लावला, मोटो गुझीच्या व्ही ७ ला होता, गोल्ड विंगला पहिल्यापासून आहे. पद्धत शंभर वर्षांची झाली म्हणून रबरी बूट शंभर वर्षं टिकत नाही.

हा बूट म्हणजे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) आणि फायनल ड्राइव्ह (शाफ्टचं फिरणं चाकाकडे वळवणारा गिअरचा डबा) यांच्या मधली अकॉर्डियनसारखी टोपी. आमच्या मते अर्धे शाफ्ट इथेच मरतात. एक गाडी होती, बाहेरून आरशासारखी. मालक दर रविवारी प्रेशर पाइपने धुवायचे. बूटची पट्टी सोडून फायनल ड्राइव्ह खाली झुकवला तर आतून पेलाभर पाणी पडलं, चहासारख्या रंगाचं. क्रॉसच्या टोपीतले सुईसारखे रोलर गंजून जागेवर बसलेले. हाताने वाकवला तर जॉइंट सरळ न वळता खटखट करत टप्प्याटप्प्याने वळत होता. बूटवर डोळ्यांना न दिसणारी एक चीर होती, दुमड उघडून धरली तेव्हा दिसली. मालक किती तरी वेळ ती चीर बोटाने चाचपत उभे होते.

त्यानंतर आम्ही वही सुरू केली. ती सांभाळते माझी बायको, आणि गॅरेज तगलं ते त्या वहीमुळे. दर गाडीला एक पान : किलोमीटर, फायनल ड्राइव्हच्या ऑइलचा रंग, ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काय मिळालं, स्प्लाइनचा फोटो. चुंबकावर करड्या लोण्यासारखा लेप असला तर काळजी नाही, ती नेहमीची झीज. चकचकीत कपचा किंवा टोकदार तुकडा सापडला की गाडी त्या दिवशी जात नाही. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. फायनल ड्राइव्हमध्ये मुळात ऑइल असतं ते पाव लिटरच्या आतबाहेर, काहींत त्याहूनही कमी, आणि एवढ्याशा ऑइलला काही लोक 'लाइफटाइम' म्हणायचे. लाइफ कुणाचं, ते विचारायचं राहून जायचं.

वहीतलं शेवटचं काम चाकाचं. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक वर-खाली धरून हलवायचं, मग डावी-उजवीकडे. घड्याळाचे बारा-सहा आणि नऊ-तीन म्हणा हवं तर. दोन्हीकडे प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर संशय क्राउनच्या (फायनल ड्राइव्हमधल्या मोठ्या गिअरच्या) मोठ्या बेअरिंगवर. फार तर मिनिटभराचं काम. तरी बाहेरून आलेल्या दहा गाड्यांतल्या नऊ मालकांनी ते कधी केलेलं नसतं, आणि हे मी रागाने नाही, सवयीने सांगतोय.

धंदा म्हणाल तर मधे दोन वर्षं ओढाताणीची गेली. टायर बदलायला आलेल्या गाडीचे स्प्लाइन साफ केल्याशिवाय चाक चढवायचं नाही, असा नियम केला आणि गिऱ्हाइकं तुटली. "टायर सांगितला होता, बाकीचं कुणी सांगितलं?" हे ऐकून घेतलं. नियम मोडला नाही. हळूहळू लांबच्या प्रवासाला निघणारे आधी आमच्याकडे येऊ लागले, आणि आज लिफ्टवर चेनची गाडी दिसली की शेजारचे विचारतात, वाट चुकली का?

भिंतीवर एका खिळ्याला त्या पहिल्या गाडीची गुळगुळीत झालेली कडी अजून टांगलेली आहे. हाताखालचा मुलगा नव्या गिऱ्हाइकाला आधी तीच काढून देतो. मग त्यांच्या गाडीचे धुतलेले स्प्लाइन दाखवतो आणि म्हणतो, "काका, नख फिरवून बघा. कुठे अडतंय का?" अडलं की दात्याला पायरी पडलीय. परवा एकांचं अडलं. निघायला चार दिवस होते. पार्ट मागवलाय, गाडी लिफ्टवर आहे, आणि ते रोज संध्याकाळी येऊन तिच्याकडे बघून जातात.