पँटची कंबर वेगळी, पोटाचा घेर वेगळा

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 24.2, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 34. या दोन्हींवर लाल खूण नाही. तरी डॉक्टरांचं लक्ष गेलं ते माझ्या पोटाकडे आणि 210 ट्रायग्लिसराइड्सकडे, म्हणजे रक्तातल्या चरबीकडे. ‘‘जीजीटी करून घ्या आणि पोटाचा घेर मोजून आणा,’’ एवढंच म्हणाले. (जीजीटी हे यकृताचं आणखी एक एन्झाइम.) यकृतात चरबी असूनही एसजीपीटी नॉर्मल असू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

जीजीटी आलं 48. मग फॅटी लिव्हर इंडेक्स, म्हणजे यकृतात चरबी असण्याचा अंदाज देणारा आकडा, काढला. हे सूत्र 2006 साली इटलीतल्या संशोधकांनी मांडलं. त्याला चारच गोष्टी लागतात: बीएमआय, पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड्स आणि जीजीटी. उत्तर 30च्या खाली आलं तर फॅटी लिव्हरची शक्यता कमी, 60 किंवा वर आलं तर बरीच.

खरी गंमत टेपची. पट्टा बांधतो तिथे, म्हणजे सुटलेल्या पोटाच्या खाली, घेर भरला 89 सेंटीमीटर. पण मोजायचं असतं सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. तिथे भरले 96! दोन्ही आकडे मुद्दाम सूत्रात घालून पाहिले. 89 ला उत्तर 55, 96 ला 64. रक्त तेच, माणूस तोच, टेप चार बोटं सरकली आणि निकाल फिरला. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी मर्यादा 90 आहे, बायकांसाठी 80. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही.

सोनोग्राफीत ग्रेड 1, म्हणजे सौम्य फॅटी लिव्हर निघालं. मी दारू घेत नाही. घेणाऱ्याचं जीजीटी त्यामुळेही वाढतं, म्हणून डॉक्टरांनी ते दोनदा विचारलं. पुढचा प्रश्न होता यकृत कडक होतंय का. त्यासाठी फिब-4 हे दुसरं सूत्र: वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखंच एक एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट्स. माझं 0.86 आलं. 1.3च्या खाली असल्यामुळे फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) सध्या नको म्हणाले.

औषध दिलं नाही. वजन सात ते दहा टक्के उतरवा, म्हणाले. सहा महिन्यांनी 70चे 66 किलो झाले, घेर 90, ट्रायग्लिसराइड्स 148, जीजीटी 31. इंडेक्स आला 36, म्हणजे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. सोनोग्राफी यावेळी स्वच्छ आली, पण थोडी चरबी तिला दिसतच नाही म्हणे. त्यामुळे तीन किलो अजून बाकी आहेत.