तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळीची (म्हणजे स्थानिक चर्चची) दीनसेवा कुठून सुरू करायची?

"आमची मंडळी लहान आहे. गरजूंसाठी काहीतरी करावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण सुरुवात कुठून करायची?" हा प्रश्न फार वेळा येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा पैशांची काळजी असते. पैसा लागतोच, पण सगळ्यात आधी लागते ती एक वही.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय ६ काढून बघा. यरुशलेमच्या मंडळीत कळवळ्याची कमी नव्हती. विधवांना रोजचं अन्न मिळत होतं, तरी ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा त्यातून सुटत होत्या. कुणी मुद्दाम वगळलं असं तिथे लिहिलेलं नाही. प्रेषितांनी, म्हणजे येशूने पाठवलेल्या मुख्य शिष्यांनी, कुरकुर ऐकून घेतली आणि मंडळीला सात माणसं निवडायला सांगितलं. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या घरातल्या बाया उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप आलं. दया आटते ती क्वचितच मनात. ती आटते यादीत, वेळेत आणि हिशेबात.

म्हणून पहिला महिनाभर काहीही वाटू नका. चार ते सहा जणांचा गट करा. त्यात निदान दोन स्त्रिया असाव्यात, आणि निदान एक जण असा असावा ज्याने स्वतः ओढगस्तीचे दिवस काढलेत. मग उपासनेला येणाऱ्यांची नव्हे, येईनाशा झालेल्यांची नावं लिहा: अंथरुणाला खिळलेले, काम सुटलेले, आजाऱ्याला सांभाळण्यात अडकलेले, आणि अर्पणाच्या वेळी हात रिकामा असतो या संकोचाने मागे राहिलेले. मंडळीबाहेरच्या घरांची माहिती शिक्षकांना आणि दवाखान्यातल्या परिचारिकांना विचारा, पण "कोणाकडे जावं?" एवढंच. कोणाला काय झालंय, ते त्यांनी सांगू नये आणि आपण विचारू नये.

इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन करून ठेवलंय. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक प्रभुभोजनाच्या मेजावरचा वाटा पोचवत, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी घेतली जाई. घरभेट ही उपासनेचाच पुढचा भाग होती, आणि आजही तसंच मानलं तर तिचा कंटाळा येत नाही.

भेटीला दोघांनी जावं, एकट्याने कधीच नाही. एकटी बाई राहत असेल तर जोडीत स्त्री हवीच. आधी विचारून वेळ ठरवा. आजाऱ्याकडे वीस मिनिटं पुरतात. त्याच्या खाटेवर बसू नका, त्याला मान न वळवता दिसाल अशी खुर्ची ओढून घ्या. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य टाळा, कारण त्याने मागण्याचं ओझं अडचणीतल्या माणसावरच पडतं. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात सगळ्यात अवघड काय जाणार आहे?" उत्तरं अनपेक्षित असतात: दवाखान्यात सोबत नाही, अर्ज भरता येत नाही, रात्रभर जागणाऱ्या सुनेला दोन तास झोप हवी आहे. यातल्या कशालाच पैसा लागत नाही. प्रार्थना करायची तर आधी विचारा, आणि "नको" म्हटलं तर चेहरा पडू देऊ नका.

बाहेर पडल्यावर लगेच वही भरा. रकाने सहा: तारीख, कोण गेलं, काय मागितलं, आपण काय कबूल केलं, ते कधी पोचलं, पुढची भेट कधी. पाचवा रकाना दर आठवड्याला कुणीतरी तपासायला हवा, कारण सेवा बदनाम होते ती विसरलेल्या शब्दामुळे. आजाराचं नाव, कर्जाचा आकडा, घरातलं भांडण वहीत लिहू नका. वही कुलपात ठेवा. आणखी एक दुखरी गोष्ट: प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेलं घरचं दुःख दोन दिवसांत सगळीकडे पोचतं. सांगणाऱ्याने परवानगी दिली असेल तेवढंच सभेत बोला. नाहीतर तो माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही.

पैशांबाबत प्रेषित पौल फार काटेकोर होता. यहूदियाच्या गरिबांसाठी जमवलेली देणगी नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये (बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय ८). तेच करा. दान दोघांनी मोजावं, ते दोघे एका घरचे नसावेत, आकड्याखाली दोघांच्या सह्या असाव्यात. जमेपैकी एक तृतीयांश अचानकच्या गरजेसाठी राखून ठेवा. एका ठरावीक रकमेपर्यंत गटातल्या दोघांनी मिळून लगेच निर्णय घ्यावा, त्यावरचा सगळ्यांनी. पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) एकट्याच्या हाती निधी ठेवू नका. यात अविश्वास नाही, त्यांचं रक्षण आहे. नाही म्हणण्याची वेळ त्यांच्या एकट्यावर येत नाही. भाडं, फी, औषधाचं बिल शक्यतो परस्पर भरा, पण तसं त्या कुटुंबाला विचारूनच. घरमालकाला कळणं काहींना उपाशी राहण्यापेक्षा जड जातं.

धान्य द्यायचं तर मोजून द्या. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धरलं तर चौघांना आठवड्याला ११ किलोच्या वर धान्य लागतं, म्हणजे सणासुदीला दिलेली दोन किलोची पिशवी दीड दिवसही पुरत नाही. म्हाताऱ्या माणसाला ११ किलोचं ओझं एकट्याने उचलवत नाही, त्याला दोन खेपा करा. शिजवायला इंधन आहे का, हेही विचारा. घरातली उरलेली औषधं कुणालाही देऊ नका. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नवी आणून द्या. तान्ह्या बाळासाठी दुधाची पावडर आपल्या मनाने वाटू नका. अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या पावडरीने बाळाला जुलाब लागतात, आणि आईचं दूध कमी होतं ते वेगळंच. जुने कपडे घेताना एकच कसोटी: हा कपडा मी माझ्या भावाच्या हातात देईन का?

रांग लावू नका. फोटो काढू नका. पिशवी मिळण्याआधी प्रवचनाला बसवू नका. येशूने दहा कुष्ठरोगी शुद्ध केले, परत एकच आला, म्हणून उरलेल्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं असं लूकचं शुभवर्तमान सांगत नाही. आपल्या विश्वासाबद्दल कुणी विचारलं तर मनापासून सांगा. पण पिशवी हातात असलेल्या माणसाला "नाही" म्हणायची मोकळीक उरत नाही, हे लक्षात ठेवा.

शोकाच्या घरी पहिल्या आठवड्यात गर्दी असते. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात जा, मग तिसऱ्या महिन्यात, आणि वर्षाच्या तारखेला. या तीन तारखा त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, नंतर आठवत नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. नाव टाळल्याने घरच्यांचं दुःख हलकं होत नाही.

काही प्रसंग गटाच्या हाताबाहेरचे असतात. कुणी जीव द्यायची भाषा केली तर सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. एकटं सोडू नका, डॉक्टरांपर्यंत सोबत जा. घरात मारहाण होत असेल तर नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. तुम्ही उठून गेल्यावर त्याची किंमत तिला मोजावी लागते. "कुणालाही सांगणार नाही" असं वचन आधीच देऊ नका, कारण मुलाच्या जिवाला धोका असेल तर सांगावंच लागेल. मुलांसोबत कुणीही प्रौढ बंद खोलीत एकटा नसावा, पाळकसुद्धा.

एका जोडीकडे चारपेक्षा जास्त घरं नकोत. सहा महिन्यांनी जोडीला विश्रांती द्या, आणि नव्या जोडीला घेऊन एक भेट एकत्र करा. मदत थांबणार असेल तर निदान एक महिना आधी सांगा.

आणि ज्या घरी तुम्ही जाता तिथल्या माणसाला, तीन-चार महिन्यांनी, गटात यायला विचारा. अंथरुणावरची बाईसुद्धा फोनवरून विचारपूस करू शकते, कुणाच्या घरून बरेच दिवस आवाज नाही हे टिपू शकते. वहीत तिचं नाव आता दुसऱ्या रकान्यात येईल.