वॉर ईगल खरंच १९३१ चं आहे का, हे मी कसं तपासलं

वॉर ईगल हे नाणं टाकून दांडा ओढायचं जुगाराचं यंत्र, म्हणजे स्लॉट मशीन; शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने ते १९३१ मध्ये बाजारात आणलं. पुढच्या बाजूला पंख पसरलेला गरुड, उजवीकडे ओढायचा दांडा, तीन चक्रं, आणि वर काचेमागून एकेक करून सरकत जाणारी नाणी. माझ्यासमोर आलेल्या यंत्राला विकणाऱ्याने "१९३१, ओरिजिनल" अशी चिठ्ठी लावली होती. अशा यंत्राबाबत "हे कधीचं?" हा प्रश्नच अपुरा आहे. पेटी, पुढचं ओतकाम, आतलं यंत्र आणि चक्रांवरच्या कागदी पट्ट्या या चार गोष्टींना चार वेगळ्या जन्मतारखा असू शकतात, म्हणून चौकशीही चार वेळा करावी लागते.

ही यंत्रं दुकानांत, बारमध्ये ठेवणारे ऑपरेटर त्यांच्याकडे धंद्याचं साधन म्हणून बघत. एका पेटीतलं यंत्र बिघडलं की दुसऱ्या पेटीतलं काढून बसवायचं, गिऱ्हाईक कंटाळलं की जुन्या यंत्राला नवा चेहरा लावायचा, हे रोजचंच होतं. त्यामुळे पेटीवरचा आणि यंत्रावरचा नंबर जुळला नाही, तर मी लगेच नाक मुरडत नाही. १९३६ मध्ये झालेली अदलाबदल हा त्या यंत्राचा खरा इतिहास आहे. पण अलीकडे ओतलेला गरुड १९३१ चा म्हणून विकणं ही फसवणूक आहे. सगळी तपासणी या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यासाठीच करायची.

आधी फोटो. मागचं दार उघडण्यापूर्वी चारही बाजूंचे, आणि उघडल्यावर काहीही हलवण्यापूर्वी आतले. मग आतली नाणी काढून घ्यायची आणि आतलं यंत्र मागच्या बाजूने बाहेर काढायचं. दांडा पूर्ण विश्रांतीच्या जागी असल्याशिवाय ओढाताण करू नका. चक्रं अर्ध्यात अडकली असतील तर दांड्याची जोडणी गुंतलेली असते, आणि जोर लावला की नेमका जुना, न मिळणारा भाग तुटतो. बाहेर काढलेल्या यंत्राचा दांडा गंमत म्हणूनही फिरवू नये.

सगळ्यात जास्त वेळ मी पुढच्या ओतकामावर घालवला. नक्कल करणारा बहुतेक वेळा अस्सल भागच नमुना म्हणून वाळूत दाबतो आणि त्या साच्यात अॅल्युमिनियम ओततो. अॅल्युमिनियम थंड होताना साधारण १.३ टक्के आकसतं. मूळ कारखान्याने लाकडी किंवा धातूचा नमुना तेवढा मोठा बनवून ही घट भरून काढलेली असते. नकलाकाराला ती सोय नसते. म्हणून अस्सल भागावर जे अंतर ३०० मिमी आहे, ते नकलेवर सुमारे २९६ भरतं. बीड कमी आकसतं, जवळपास १ टक्का, त्यामुळे बिडाच्या जुन्या यंत्रांसाठी हिशेब वेगळा.

यात एक चूक बरेच जण करतात: स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजतात. भोकं पेटीशी जुळावीच लागतात, म्हणून नकलाकार ती कानशीने लांबट करतो किंवा नव्याने पाडतो, आणि माप बरोबर येतं. मोजायचं ते ज्याला कशाशी जुळायची गरज नाही ते. मी गरुडाच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलं, मग डोळ्यापासून नख्यांपर्यंत, मग सगळ्यात रुंद नक्षी. शेजारी खात्रीचं दुसरं वॉर ईगल ठेवून त्याच तीन जागा त्याच व्हर्नियरने. तिन्ही ठिकाणी माझ्यासमोरचं यंत्र एकाच प्रमाणात लहान निघालं, १०० ला सव्वा ते दीड. एकाच जागी फरक असता तर झीज किंवा कानस म्हटलं असतं. तिन्हीकडे सारखाच म्हणजे आकसणं. पिसांच्या रेषाही बोथट होत्या, आणि आतल्या बाजूने स्क्रूची भोकं लांबट.

स्क्रूंचं काम सोपं. डोक्यावर फुली असलेला फिलिप्स स्क्रू १९३६ च्या सुमारास मोटारींच्या कारखान्यांतून रूढ झाला. तो १९३१ च्या यंत्रात दिसला तर तेवढा स्क्रू तरी नंतरचा. आटे मोजण्याची पट्टी लावून बघा: शिकागोच्या यंत्रात इंची आटे हवेत, मेट्रिक आले तर कुणीतरी नंतर हात घातलाय. मात्र दोन स्क्रूंवरून अख्ख्या यंत्राचा निकाल लावू नये.

पेटंटच्या पट्टीवरून वर्ष ठरवणाऱ्यांची मला काळजी वाटते. अमेरिकेत १९३० चं पहिलं पेटंट १७,४२,१८१ क्रमांकाचं आणि १९३५ चं १९,८५,८७८. पट्टीवर या दरम्यानचा क्रमांक असेल, तर यंत्र त्या पेटंटच्या आधीचं नाही एवढंच कळतं. तीच पट्टी पुढे कितीही वर्षं लागू शकते.

चक्रांच्या पट्ट्यांसाठी अंधारी खोली आणि अतिनील टॉर्च पुरे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं १९५० नंतर सर्रास झाली. टॉर्चखाली पट्टी निळसर चमकली तर ती नवी. माझ्याकडच्या तिन्ही चमकल्या. याचं दुःख करायचं नाही, कागद फाटतोच. पण चित्रं मोजून बघायला हवीत. प्रत्येक चक्रावर २० जागा, म्हणजे ८,००० जुळण्या. पट्टी दुसऱ्याच यंत्राची असेल तर समोरच्या बक्षीस-तक्त्याशी ती जुळत नाही.

नाण्याचा मार्गही बोलतो. अमेरिकन निकेल २१.२१ मिमी, क्वार्टर २४.२६, ब्रिटिश सहा पेन्सचं नाणं १९.४१. खाच, नाण्यांची नळी आणि खालच्या सरकत्या पट्ट्या तिन्ही एकाच नाण्याच्या मापाच्या हव्यात. माझ्यात तिन्ही निकेलच्या होत्या. सहा पेन्सचं माप निघालं असतं तर यंत्र बहुधा ब्रिटनमध्ये नांदून आलेलं. मिल्सच्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या "हाय टॉप" या प्रकारात तर शिकागो की टोक्यो असाच प्रश्न पडतो. अमेरिकेत १९५१ च्या जॉन्सन कायद्याने राज्यांच्या सीमेपलीकडे अशी यंत्रं नेण्यावर बंधन आलं, तेव्हा होनोलुलूच्या सर्व्हिस गेम्स या कंपनीच्या मंडळींनी जपानची वाट धरली आणि पुढे तिथे मिल्सच्या धर्तीची यंत्रं बनली. व्हिडिओ गेममुळे घरोघरी पोचलेलं सेगा हे नाव त्याच सर्व्हिस गेम्सचं लघुरूप.

तोच कायदा खरेदी करतानाही आठवावा. यंत्र दुसऱ्या राज्यातून आणायचं असेल तर आधी दोन्ही राज्यांचे नियम वाचा. कॅलिफोर्नियात २५ वर्षांहून जुनं यंत्र संग्रहासाठी ठेवता येतं. सगळीकडे तसं नाही. आणि "जुनं" ठरवायला कागद लागतो, म्हणून सुरुवातीचे फोटो आणि मापं तारखेसह जपून ठेवायची.

माझा निकाल असा लागला: ओकची पेटी जुनी, आतलं यंत्र जुनं पण दुसऱ्या पेटीतून आलेलं, पट्ट्या नव्या, गरुड नक्कल. विकणाऱ्याला मापं दाखवली आणि चारही भागांचा वेगवेगळा भाव धरून सौदा केला. पेटीच्या आतल्या बाजूला मी या चार ओळी लिहून चिकटवल्या. गरुडाच्या मागच्या बाजूला, पंचाने ठोकून "नक्कल" असं खोदलं. चिठ्ठी कुणीही काढू शकतं, धातूत ठोकलेलं अक्षर पुसायचं तर कानशीचा व्रण मागे राहतो.