पक्ष, साध्य, रचना

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी चार शब्द’ लिहून द्या, असं समितीचं पत्र आलं. गॅदरिंग, कबड्डीची ढाल, मधल्या सुट्टीतला वडापाव हे सगळं बाकीचे लिहितीलच. मी भूमितीच्या सरांवर लिहिणार. नाव घालत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे त्या काळातल्या कुठल्याही बॅचला विचारा.

आमची बॅच मार्च १९८३ च्या दहावीची, म्हणजे संपातली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही नववीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचे वडील. माझे वडील साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. महिन्या-दोन महिन्यांत तोडगा निघेल असं सगळी चाळ म्हणत होती. तो निघाला नाही. पावसाळ्यात शेतीचं निमित्त करून वडील गावी गेले. आईची खानावळ होती, पण जेवणारे गडी गावी गेल्यावर ती डबे कुणाला घालणार? तीही बंद पडली. भोंगा वाजेनासा झाला, तशी आम्हाला शाळेत उशीर व्हायची नवीनच सवय लागली.

दहावीच्या सहामाहीत भूमितीत वर्ग साफ झोपला. पेपर वाटून झाले, सर काहीच बोलले नाहीत. मागच्या बाकावरचा आमचा एक दोस्त उभा राहिला. म्हणाला, “सर, संप चालू आहे. घरी अभ्यास व्हायचा कसा?” त्यात उद्धटपणा नव्हता, तो खरंच विचारत होता.

सरांनी फळा पुसला आणि प्रमेय सोडवताना दिलेली माहिती मांडतात तसं डावीकडे लिहिलं, ‘पक्ष’. “सांगा, काय काय दिलंय? काही सोडायचं नाही.”

पोरं आधी हसली, मग सांगायला लागली. गिरण्या बंद. पगार नाही. खोलीत नऊ माणसं. वाण्याची उधारी. भाऊ नाक्यावर भाजी विकतो, मला त्याच्याबरोबर जावं लागतं. सर एकेक ओळ लिहीत होते, ‘त्रिकोण अबक’ लिहायचे त्याच वळणदार अक्षरात. कोणीतरी हळूच म्हणालं, “बाप पितो.” सरांचा खडू थांबला. मग त्यांनी ‘घरात भांडणं’ एवढंच लिहिलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही, कोण बोललं ते.

“यातलं काही पुसता येईल?”

कोणी काही बोललं नाही.

“नाही येत. पक्षात खाडाखोड चालत नाही. हे असं का दिलं, हे मोर्चात जाऊन विचारा, मीही येतो. पण सिद्धता लिहायला पेन कुणाच्या हातात आहे?” मग खाली लिहिलं, साध्य: मार्चमध्ये पास. शेजारी एक त्रिकोण काढला आणि शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा ओढली. “ही रेषा दिली होती? नाही. ही आपण काढली, हीच रचना. ती काढल्याशिवाय तीन कोनांची बेरीज १८० अंश होते हे दाखवा बरं मला. आता तुमची रेषा सांगा.”

एकाने “परीक्षा पुढे ढकला” असं सुचवलं. “ती पक्षात आहे, बस खाली.” मग कोणीतरी म्हणालं, शाळा संध्याकाळी उघडी असती तर. सर म्हणाले, हेडसरांना अर्ज तुम्ही लिहा, सही मी करतो. अर्जात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या सरांनी मुद्दाम आम्हालाच शोधायला लावल्या. दिवाळीनंतर तळमजल्यावरचा कोपऱ्यातला वर्ग संध्याकाळी आम्हाला मिळाला. शिपाईमामा किल्ली द्यायचे. संपावर बोलायला बंदी नव्हती, फक्त हातात कंपास हवा.

ही गोष्ट मी कुठे सांगितली की लोक लगेच म्हणतात, म्हणजे काय, सगळं आपल्याच हातात असतं! सरांना हे ऐकून संताप आला असता. बक्षीस समारंभाला आलेले एक पाहुणे स्टेजवरून म्हणाले होते, कामगारांनी हे स्वतःच ओढवून घेतलं. चहाच्या वेळी सर त्यांना आमच्यासमोर म्हणाले, “पक्ष अर्धाच मांडलात तुम्ही, साहेब.” त्या वयात आम्हाला त्यातली गंमत तेवढी कळली. आणि तो मागच्या बाकावरचा दोस्त? दहावीचा फॉर्म भरायच्या आधीच तो हातगाडीवर लागला. त्याने कष्टात कसूर केली असं कोणी म्हणू नये. रचना प्रत्येकाला सापडतेच असं नाही, हे सरांनी कधी लपवलं नाही.

माझं म्हणाल तर, बदलापूरला माझा स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा कारखाना आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी उल्हास नदी आमच्या गाळ्यात शिरली. फ्रेम, शाई, दोन ऑर्डरींचं कापड, सगळं चिखलात. विमा कंपनीने कलमं दाखवून हात वर केले. आठवडाभर मी त्या कंपनीला शिव्या घातल्या आणि त्या घालायलाच हव्या होत्या. मग एका संध्याकाळी बिलबुकाच्या पाठीवर पक्ष लिहून काढला. शिव्या त्यातच गेल्या, एका ओळीत. खाली जागा उरली होती, तिथे ज्यांचं कापड भिजलं होतं त्या दोघांची नावं लिहिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना भेटायला गेलो. त्यांतला एक आजही माझा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आहे.

परवा शाळेत आलो होतो. मागच्या खिडकीतून गिरणीची चिमणी दिसायची, तिथे आता काचेचा टॉवर आहे. मराठी माध्यमाची एकच तुकडी उरली आहे आणि कोपऱ्यातल्या वर्गात जुने बाक रचून ठेवलेत. वाईट वाटलं. टॉवरवर आपला इलाज नाही, पण बाक हलवता येतात.

समितीकडे चेक दिला आहे. तो वर्ग रिकामा करून रंगवावा, ट्यूबलाइट आणि पंखे लावावेत आणि संध्याकाळी उघडा ठेवावा. ज्या पोरांच्या घरी बसायला जागा नाही अशी पोरं या भागात अजून खूप आहेत, फक्त आता ती एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत राहतात. दारावर पाटी लावू नका, माझ्या नावाची नको आणि सरांच्या नावाची तर मुळीच नको. समारंभाला ते येणार आहेत असं कळलंय. पाटी दिसली तर उतरवून घेतल्याशिवाय खुर्चीत बसायचे नाहीत.