‘कै.’ लिहायचं का?

"वडिलांच्या नावापुढे ‘कै.’ लिहायचं का?"

नाशिकमधल्या शरणपूरच्या चर्चमध्ये उपासना संपल्यावर बाकावरच अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज भरत बसलेल्या दहावीतल्या मुलीचा प्रश्न. मंडळीतल्या मावशी म्हणाल्या, "नको गं बाळा. दाखल्यावर आहे तसंच लिही."

अगदी बरोबर. शाळेचा दाखला, आधार, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, यांत एका वेलांटीचा फरक पडला तरी अर्ज अडकतो. अनाथांसाठी राज्यात २०१८ पासून असलेलं १ टक्का आरक्षण या अनाथ प्रमाणपत्रावरच मिळतं. पोरांना हे वेळेत कुणी सांगतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

शरणपूर १९व्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलं. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही इथे आसरा मिळाला होता.

मावशी झेरॉक्स काढायला उठल्या. आईच्या नावाची ओळ पोरीनं आधीच भरून ठेवली होती.