पोच

आज मॅडम ओरडल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. ओरडल्या असत्या तर मी पण मनातल्या मनात दोन शब्द बोललो असतो आणि विषय मिटला असता. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, एवढंच म्हणाल्या, "म्हणजे पोच नाहीये," आणि पुढच्या फाईलला लागल्या.

झालं असं की तीन आठवड्यांपूर्वी एका ताईंचा अर्ज घेऊन मी एका ऑफिसात गेलो होतो (कुठलं ते लिहीत नाही, परवा परत तिथंच जायचंय). बारनिशीची (अर्ज आवक करून घ्यायची) खिडकी बंद, जेवणाची वेळ, बाहेर ऊन असं की चप्पल डांबराला चिकटतीय, आणि आतले एक साहेब लै गोड बोलले, बसा म्हणाले, पाणी दिलं, "द्या इकडं, सायबांच्या टेबलावर ठेवतो मी, कशाला थांबताय उन्हाचं". मी दिला. माझ्या झेरॉक्सवर शिक्का नाही, सही नाही, आवक नंबर नाही, अर्ज मिळाल्याची पोच म्हणून काही नाही. पाण्याच्या एका ग्लासात विरघळलो मी. आज गेलो तर ते साहेब बदलून गेलेले, आणि रजिस्टरमधे आमचा अर्ज आलेलाच नाही. आलाच नाही म्हणजे नाहीच, आता भांडणार कशाच्या जोरावर? ताई बाहेर पायरीवर बसल्या होत्या पदरानं वारा घेत. त्यांना मी सांगितलं, "प्रोसेसमधे आहे ताई." हे वाक्य मी दुसऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय आणि दर वेळी माझं डोकं फिरलंय, आणि आज माझ्याच तोंडातनं आलं. उद्या त्यांना फोन करून खरं सांगायचंय. लिहून ठेवतो म्हणजे टाळणार नाही.

ह्या फुकट वकील देणाऱ्या संस्थेत लागलो तेव्हा मला वाटायचं आपण कोर्टात उभं राहू, निदान उभं राहणाऱ्याच्या मागं तरी उभं राहू. दीड वर्षात कोर्टात किती गेलो त्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात जास्त गेलो. आमच्याकडं सहा माणसं. मॅडम वकील, एक ज्युनियर वकील, तीन आम्ही फिरणारे, आणि काका. काका पूर्वी बेलिफ होते, आख्ख्या सोलापूर शहराला समन्स बजावून झालंय त्यांचं, त्यामुळे कुठल्या बोळात कोण राहतं ते त्यांना तोंडपाठ. साखर पेठेत एखादा पत्ता सापडत नसेल तर गूगल मॅप नाही, काका. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलेलं, "हे बघ बे, अर्ज कसा पण लिही, व्याकरण चुकलं तरी चालतंय. पोच चुकू नको." मी हसलो होतो.

लोकांचा फुकट वकिलावर विश्वास बसत नाही हा एक वेगळाच ताप. फुकटचं औषध लागू पडत नाही म्हणतात तसं फुकटचा वकील हरतोच अशी समजूत. त्यातनं मग बायका येतात आणि पहिलं सांगतात, सर आमचा उत्पन्नाचा दाखला नाही. अहो नकोय दाखला! विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा आहे, त्याच्या बाराव्या कलमात बाई म्हणलं की झालं, उत्पन्न विचारायचंच नाही. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, लहान मूल, कोठडीतला माणूस, यांना पण तसंच. हे मी दिवसातनं चार वेळा सांगतो आणि चारही वेळा समोरची बाई असं बघते की ह्यात कायतरी डाव आहे. स्टॅम्प पेपरचं पण तेच. सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प ड्युटी २००४ पासून माफ आहे, तरी बिचारे पाचशेचा स्टॅम्प घेऊन येतात, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की त्याशिवाय कागदाला वजन येत नाही. दोन दिवसांची मजुरी जाते त्यात कुणाची कुणाची.

दुपारी जेवताना (काकांच्या डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी, माझ्या डब्यात पोळी आणि कालची गवार, त्यामुळे अदलाबदल झालीच) एका पारधी वस्तीवरनं फोन आला, भावाला जामीन होऊन नऊ दिवस झाले आणि तो अजून आतच. जामीनदार नाही. सातबारा असलेला माणूस कुठनं आणणार? ज्यांच्या आजोबा-पणजोबांना १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवून ह्याच सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, १९५२ ला ते सुटले, त्यांच्या नातवाला आपण विचारतोय जमीन कुठाय. ज्युनियर वकील लगेच उठला, जात मुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सोडायचा नाहीतर जामिनाची अट शिथिल करायचा अर्ज टाइप करायला बसला. सुप्रीम कोर्टानं २०२३ च्या जानेवारीत सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर त्याची खबर विधी सेवा प्राधिकरणाला गेली पाहिजे. म्हणून प्राधिकरणाकडं पण एक पत्र. "दोन्हीची पोच," मॅडम आतनं म्हणाल्या. माझ्याकडं न बघता.

मग तीनला अक्का आल्या.

अक्कांचं खरं नाव इथं लिहीत नाही, समजा नरसव्वा. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतनं येतात, ती दहा हजार घरांची विडी कामगारांची वसाहत, दोन रिक्षा बदलून. काल येणार होत्या पण काल त्यांच्याकडं नळाला पाणी यायचा दिवस, आणि पाण्याच्या दिवशी सोलापुरात कुणी कुठं जात नाही, कोर्टाची तारीख असली तरी माणूस दहादा विचार करतो. अक्का तेलुगू, मराठी बोलतात पण सगळं पुल्लिंगी करून टाकतात. "सर, माझा पेन्शन, माझा नाव, माझा पान्नास विड्या रोज छाटात जायचा." (छाट म्हणजे नापास केलेल्या विड्या.) कडेचं बोट आणि अंगठा तंबाखूनं कायमचे पिवळे.

त्यांची केस म्हणली तर काहीच नाही. वयाच्या बाराव्या की तेराव्या वर्षापासून विड्या वळल्या, आधी आईच्या सुपात हात घालून, मग स्वतःच्या नावावर. घरात बसून विडी वळणारी बाई पण कारखान्याची कामगारच, तिला पीएफ लागू, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच सांगून ठेवलंय. तसा कापला पण गेलाय त्यांचा. दहा वर्षांच्या वर नोकरी, वय अठ्ठावन्न पूर्ण, म्हणजे पेन्शन बसते. हजार रुपये. २०१४ पासून कमीत कमी हजार, आजही हजारच. हजार रुपयात काय होतं असं कोणी विचारलं तर मला उत्तर येत नाही, पण अक्कांना येतं. गॅसची टाकी होते म्हणाल्या.

अडलंय कुठं तर नावात. आधारवर नरसव्वा, पुढं नवऱ्याचं नाव. कारखान्याच्या कागदावर नरसूबाई, पुढं बापाचं नाव, कारण लागल्या तेव्हा लग्नच झालं नव्हतं, आणि ब्रँचच्या (कारखान्याची विड्या जमा करायची जागा) मुनशीनं त्याच्या कानाला जे मराठी वाटलं ते लिहिलं. जन्मसालात पाच वर्षांचा फरक. कॉम्प्युटरच्या हिशोबानं ह्या दोन बायका आहेत. एक बाई विड्या वळून मेली-बिली असेल आणि दुसरी फुकटची पेन्शन मागायला आलीय. दुरुस्ती करायची तर जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे कामगार आणि मालक दोघांचा मिळून दुरुस्तीचा अर्ज लागतो, त्यावर मालकाची मान्यता लागते, आणि कारखाना म्हणतो आम्हाला काय माहीत ही तीच का, आमच्याकडं असा काही रेकॉर्ड नाही, इतक्या वर्षांत बाई कधी बोलली नाही.

तर आज अक्कांनी कॅरीबॅग उघडली. साडीच्या दुकानाची जुनी जाड पिशवी, आत लॉगबुकं (दिलेल्या विड्यांचा हिशोब मांडायच्या वह्या), त्यांची पानं कडेला कुरतडलेली, आत तंबाखूचा भुगा, मी दोनदा शिंकलो. रेशनकार्डाची झेरॉक्स, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, मुलीची दहावीची मार्कलिस्ट (ही का ते माहीत नाही), आणि एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात चार घड्या घातलेला एक कागद. अर्ज. २०१९ चा. कोणीतरी युनियनच्या माणसानं लिहून दिलेला, की माझे नाव नरसूबाई असे चुकून लागले आहे, मी नरसव्वा आहे, तरी दुरुस्त करावे. आणि खाली उजव्या कोपऱ्यात जांभळा शिक्का. ब्रँचचा. तारीख, सही, आणि पेनानं लिहिलेलं, "अर्ज मिळाला."

मी ते मॅडमना नेऊन दाखवलं. मॅडमनी कागद उजेडात धरला, शिक्क्यावरनं बोट फिरवलं, आणि गेल्या सहा महिन्यांत हसल्या नव्हत्या तशा हसल्या. कारखाना म्हणतो बाई कधी बोलली नाही, आणि त्यांचाच शिक्का म्हणतो बोलली, दोन्ही नावं सांगून बोलली, आणि आम्ही ऐकून घेतलं.

अक्कांना वाचता येत नाही. मी विचारलं, अक्का हा कागद एवढा जपून का ठेवला, तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? तर म्हणाल्या, शिक्का होता की त्याच्यावर. त्यांच्यासाठी लॉगबुकाचा पण हिशोब तोच असणार, हप्त्याला किती हजार विड्या दिल्या ते आकडे त्यांना वाचता येत नसले तरी त्या वहीत मांडून घेतल्याशिवाय माल सोडायचा नाही हे येत होतं. आणि मी, एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला, पाण्याचा ग्लास बघून पाघळलो.

संध्याकाळी मॅडमनी देणगीदारांच्या रिपोर्टची एक्सेल शीट पाठवलीय. लाभार्थी संख्या, निकाली प्रकरणे, परिणाम. लाभार्थी हा शब्द मला अजिबात आवडत नाही. हक्काचं मिळालं तर त्यात लाभ कसला? आणि आजचं काय लिहू परिणामाच्या रकान्यात? "एक जुना कागद सापडला"? लिहिलं तर तिकडं कोणीतरी फोन करून विचारणार की म्हणजे केस जिंकली का. बरं ह्या सगळ्यात गंमत अशी की मी दिवसभर लोकांच्या पीएफचे कागद हलवतो आणि मला स्वतःला पीएफ नाही, कारण तो कायदा वीस माणसांपासून पुढं लागतो आणि आम्ही सहा. गेल्या महिन्याचं मानधन पण अजून यायचंय. आईला सांगितलं नाहीये.

घरी येताना चार पुतळ्यापाशी थांबलो, रस घ्यायला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१, येरवडा. शाळेत दर जानेवारीला भाषण असायचं, मार्शल लॉ, फाशी, सगळं पाठ. आज रस पिता पिता नुसती नावं वाचली परत. एकाच शहरातली चार माणसं आणि चार तऱ्हेची नावं, आणि मनात आलं, तेव्हाच्या कारकुनानं ही नावं इंग्रजीत कशी लिहिली असतील, एकाचं तरी स्पेलिंग धड लिहिलं असेल का? आणि त्यांच्या घरच्यांना नंतर कुठल्या कागदासाठी, हा तोच, हे सिद्ध करत फिरावं लागलं असेल का? माहीत नाही. डोक्यात दिवसभर तेच असलं की पुतळ्यातही तेच दिसतं. रसवाला म्हणाला, सर ग्लास द्या की.

हां, एक राहिलंच. अक्का निघताना मी म्हणालो की ओरिजिनल कागद आणि लॉगबुकं इथं ठेवून जा, उद्या कारखान्यात नेतो, मॅनेजरला ओरिजिनल दाखवावं लागेल, परत आलात की घेऊन जा. अक्का उठल्या होत्या त्या परत बसल्या. हात पुढं केला.

"पोच."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणालो काय अक्का?

"पोच द्या की सर. कागद देतो मी, पोच द्या."

काका मागं खोकल्यासारखं करून हसले. मी मुकाट्यानं संस्थेचं लेटरहेड काढलं आणि लिहायला बसलो, लॉगबुकं नग अकरा, अर्ज एक, शिक्क्यासह. वर नावाशी येऊन पेन थांबलं. विचारलं, अक्का, नाव कुठलं लिहू?

"दोन्ही लिवा."

नरसव्वा उर्फ नरसूबाई. सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. पॅडची शाई संपत आलेली, पहिला शिक्का पुसट उठला. अक्कांनी कागद डोळ्याजवळ नेऊन बघितला, परत माझ्यापुढं ठेवला आणि बोटानं दाखवलं, परत मारा. परत मारला.